हंगामाच्या अखेरीस स्की शिकायला जाताना ठिकाण कसे निवडावे

स्की रिसॉर्टच्या माहितीपत्रकात सर्वांत ठळक छापलेला आकडा बहुधा सर्वांत वरच्या लिफ्टच्या, म्हणजे स्कीपटूंना डोंगरावर नेणाऱ्या यंत्रणेच्या, उंचीचा असतो. अनुभवी स्कीपटूला तो उपयोगी पडतो. पण पहिल्यांदाच पायांत स्की चढवणारा माणूस आठवडाभर त्या शिखराकडे फिरकणारही नसतो. त्याचे पहिले तीन-चार दिवस गावालगतच्या किंवा एखाद्या मधल्या स्थानकाजवळच्या सौम्य उतारावरच जातात. त्यामुळे उत्तर गोलार्धात मार्चच्या मध्यापासून मेच्या आरंभापर्यंत जाणाऱ्या नवशिक्याने पहिला प्रश्न विचारायचा तो त्या उताराविषयी: तो किती उंचीवर आहे, त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि तिथली लिफ्ट नेमकी कोणत्या तारखेला बंद होते. बाकीचे सारे निकष यानंतर येतात.

शिकण्यासाठी हा काळ वाईट आहे असे मुळीच नाही. दिवस मोठा असतो, थंडी बोचरी नसते, मऊ बर्फात पडण्याची भीती कमी वाटते आणि ईस्टरची सुट्टी संपली की उतार बऱ्यापैकी मोकळे होतात. जानेवारीच्या कडाक्यात बोटे बधिर झालेली असताना नवे कौशल्य शिकण्यापेक्षा एप्रिलच्या उन्हात शिकणे कितीतरी सुखाचे असते. मात्र जानेवारीत चुकीचे ठिकाण निवडले तरी बहुधा निभावून जाते, एप्रिलमध्ये तसे होत नाही.

वसंतातला बर्फ कसा वागतो

ठिकाण निवडण्याआधी हे समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे बहुतेक निर्णय यावरच उभे आहेत. वसंतात दिवसा उन्हाने बर्फाचा वरचा थर वितळतो आणि रात्री आकाश निरभ्र असेल तर तो पुन्हा गोठतो. हे चक्र रोज चालल्याने बर्फाचे कण मोठे होत जातात. सकाळी पृष्ठभाग काचेसारखा कडक असतो; ऊन लागल्यावर वरचे एक-दोन सेंटिमीटर सुटे होऊन जाडसर दाणेदार थर तयार होतो, ज्याला स्की करणारे ‘कॉर्न स्नो’ म्हणतात; आणि त्यानंतर काही तासांत सगळा उतार पाणचट होऊन स्की अडकू लागतात.

नवशिक्यासाठी यातली पहिली आणि तिसरी अवस्था दोन्ही त्रासाच्या आहेत. कडक बर्फावर स्कीच्या कडा रोवणे त्याला अजून जमत नसते, त्यामुळे वेग आवरत नाही. पाणचट बर्फात वेग आपोआप कमी होतो, पण वळताना स्की जड ढिगाऱ्यात रुतते आणि गुडघ्याला पीळ बसण्याचा धोका वाढतो. मधली अवस्था मात्र शिकायला फार छान असते, आणि चांगल्या ठिकाणाची निवड म्हणजे मुख्यतः ही मधली अवस्था जास्त वेळ टिकेल अशा उताराची निवड होय.

इथे दिशेचा प्रश्न येतो. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन तिरपे पडते, त्यामुळे तिथे बर्फ उशिरापर्यंत टिकतो. दक्षिणेकडचा उतार सकाळी लवकर मऊ होतो आणि दुपारच्या आधीच बिघडू लागतो. पूर्वेकडचा सकाळच्या वर्गाला बरा, पश्चिमेकडचा दुपारच्या. एकाच गावात दोन दिशांचे सोपे उतार असतील तर सकाळी एकीकडे आणि नंतर दुसरीकडे जाता येते. अशी सोय असलेले गाव शंभरेक मीटर कमी उंचीवर असले तरी मी ते पसंत करीन.

उंचीचा हिशेबही सोपा आहे. दर 100 मीटर चढल्यावर तापमान सरासरी 0.6 ते 0.65 अंश सेल्सिअसने उतरते. म्हणजे 1,000 मीटरवरचे गाव आणि 2,000 मीटरवरचे गाव यांत सुमारे सहा अंशांचा फरक पडतो, आणि एप्रिलमध्ये रात्री बर्फ गोठणार की नुसताच ओला राहणार हे ठरवायला तेवढा फरक पुष्कळ आहे. कृत्रिम बर्फाच्या यंत्रांवर फार विसंबू नये. ती चालण्यासाठी हवा गोठणबिंदूच्या खाली आणि शक्यतो कोरडी असावी लागते. हंगामाच्या अखेरीस अशा रात्री थोड्याच मिळतात. हिवाळ्यात या यंत्रांनी जो पाया घालून ठेवला असेल तो टिकवणे एवढेच तेव्हा हाती असते.

आल्प्समधील काही गावे, या कसोटीवर

फ्रान्समधील वाल तोराँस हे 2,300 मीटरवर वसलेले, युरोपातील सर्वांत उंच स्की गाव. त्याचा हंगाम साधारण मेच्या आरंभापर्यंत चालतो आणि सोपे उतार गावातूनच सुरू होतात. ते ज्या ‘ले त्र्वा व्हाले’ क्षेत्राचा भाग आहे, तिथे सुमारे 600 किलोमीटरचे उतार असल्याची जाहिरात असते. नवशिक्याला त्या आकड्याचे काहीच नाही, आणि संपूर्ण क्षेत्राच्या लिफ्टचा पास घेणे म्हणजे त्याच्यासाठी निव्वळ उधळपट्टी आहे. या गावाची खरी उणीव वेगळीच आहे. ते वृक्षरेषेच्या वर आहे. एप्रिलमध्येही वादळे येतात, आणि ढग उतरला की झाडांअभावी जमीन आणि आकाश यांतला भेद नाहीसा होतो. अशा वेळी अनुभवी माणूसही चाचपडतो, नवशिक्या तर जागचा हलत नाही. एप्रिलच्या उत्तरार्धात जायचे असेल तर ही तडजोड स्वीकारावी लागते, कारण त्या सुमारास खालच्या गावांचा भरवसा उरलेला नसतो. त्याआधी जाणाऱ्याला मात्र इतर चांगले पर्याय आहेत.

फ्रान्समधल्याच आल्प द्युएझचे उदाहरण मोठे बोलके आहे. गाव 1,860 मीटरवर, वरचे टोक पिक ब्लाँ 3,330 मीटरवर, आणि गावाच्या वरच रुंद, सौम्य, हिरव्या, म्हणजे सर्वांत सोप्या, दर्जाचे उतार पसरलेले. कागदावर नवशिक्यासाठी याहून चांगले काय असणार? पण हा सारा भाग दक्षिणाभिमुख आहे आणि भरपूर उन्हासाठीच या गावाची ख्याती आहे. फेब्रुवारीत जे वरदान, तेच एप्रिलमध्ये अडचण होते. मार्चमध्ये इथे खुशाल जावे. एप्रिलमध्ये जायचे झाल्यास दुपारी स्की करायची नाही असे ठरवूनच जावे.

फ्रान्समधील ले दोझाल्पची रचना नेहमीच्या उलट आहे. गाव 1,650 मीटरवर असले तरी तिथले पुष्कळसे सोपे उतार वर, हिमनदीवर, साधारण 3,200 ते 3,600 मीटरच्या पट्ट्यात आहेत, आणि गावाकडे उतरणारे शेवटचे उतार तीव्र आहेत. परत येताना लिफ्टने खाली यायला लाज वाटत नसेल (वाटू नये) तर हंगामाच्या अखेरीस ही व्यवस्था सोयीची ठरते. हिमनदीच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: वारा वाढला की वरच्या लिफ्ट सर्वांत आधी बंद होतात, आणि इतक्या उंचीवर पहिल्या दिवशी दम लागतो.

स्वित्झर्लंडमधील झेरमाट आणि इटलीतील चेर्विनिया ही एकाच पर्वतरांगेच्या दोन बाजूंची गावे. झेरमाटची सर्वांत वरची लिफ्ट 3,883 मीटरवर पोचते आणि तिथे वर्षभर स्की चालते, म्हणून हंगामाच्या अखेरीचे नाव काढले की पहिले तेच सुचवले जाते. परंतु गाव स्वतः 1,600 मीटरच्या आसपास आहे आणि नवशिक्यांची मुख्य जागा वरच्या सुनेगा स्थानकाजवळ, भुयारी रेल्वेने वर जाऊन गाठावी लागते. सकाळी सामान सांभाळत रोज हा प्रवास करणे, विशेषतः मुले बरोबर असतील तर, कंटाळवाणे होते. इटलीच्या बाजूचे चेर्विनिया 2,050 मीटरवर आहे, त्याच्या वर सुमारे 2,550 मीटरवर प्लान मेझों नावाचे विस्तीर्ण, सौम्य पठार आहे, आणि सोप्या उतारांची लांबी इतकी आहे की तिसऱ्या-चौथ्या दिवशी सलग लांबवर घसरत जाण्याचा आनंद नवशिक्यालाही मिळतो. गाव दिसायला काही खास नाही, आणि दुपारचे ऊन इथेही भरपूर असते. तरी पहिल्यांदा शिकणाऱ्याला या दोहोंपैकी एक निवडायचे असेल तर मी चेर्विनियाच सांगेन.

ऑस्ट्रियातील ओबरगुर्गल 1,930 मीटरवर आहे, त्याची बरीच बाजू वायव्येकडे आहे, आणि जवळच होखगुर्गल 2,150 मीटरवर आहे. आकाराने क्षेत्र लहान, गर्दी कमी, स्की शाळा अनुभवी आणि हंगाम सहसा एप्रिलच्या अखेरीपर्यंत. मध्यम स्तराचे स्कीपटू इथे चार दिवसांत कंटाळतात अशी तक्रार असते. नवशिक्याला ती लागू नाही. एप्रिलच्या पहिल्या तीन आठवड्यांसाठी आल्प्समधील एकच नाव सुचवायचे झाले तर ते हे. ओबरटाउअर्न याहून थोडे खाली, 1,740 मीटरच्या सुमारास असले तरी तिथे उतार गावाच्या दोन्ही बाजूंना आहेत, म्हणजे वर सांगितलेली दिशा बदलण्याची सोय आयतीच मिळते. हिंटरटुक्सच्या हिमनदीवर वर्षभर स्की करता येते, पण ते प्रामुख्याने सराव झालेल्यांचे ठिकाण आहे.

इटलीतील पासो तोनाले खिंडीत, 1,880 मीटरवर वसलेले आहे. तिथले गावासमोरचे उतार इतके सौम्य आणि रुंद आहेत की शिकण्यासाठी त्यांचे नाव नेहमी घेतले जाते. पण तेच उतार उन्हाच्या बाजूला आहेत आणि खात्रीचा बर्फ समोरच्या प्रेसेना हिमनदीवर असतो, जिथे पहिल्या दोन दिवसांचा विद्यार्थी जाऊ शकत नाही. मार्च ठीक, एप्रिलचा उत्तरार्ध नको. हजार मीटरच्या आतबाहेर असलेल्या सुंदर लाकडी गावांबद्दल तर थोडक्यात एवढेच सांगता येईल की ती हिवाळ्याच्या मध्यासाठी राखून ठेवावीत. तिथल्या वरच्या लिफ्ट चालू असल्या तरी गावातला शिकण्याचा पट्टा बहुधा हिरव्या गवताच्या मधोमध उरलेली पांढरी पट्टी असते.

उंचीशिवायही बर्फ टिकतो

केवळ उंची पाहणाऱ्यांच्या नजरेतून उत्तर युरोप सुटतो. फिनलंडमधील लेव्हीचे शिखर अवघे 531 मीटर आहे, आल्प्सच्या मापाने ती टेकडीही नव्हे. पण ते आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला असल्याने सूर्य खालून तिरपा येतो, रात्री गोठतात आणि हंगाम मेपर्यंत लांबतो. स्वीडनमधील ओरे आणि नॉर्वेतील त्रिसिल आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेला असली तरी तीही याच जातीची. इथले डोंगर गोलाकार असल्याने उतार मुळातच सौम्य असतात, मुलांसाठी स्वतंत्र जागा नीट राखलेल्या असतात, सामान्य प्रशिक्षकही चांगले इंग्रजी बोलतात, आणि एप्रिलमध्ये रात्री आठपर्यंत उजेड असतो. आल्प्ससारखी भव्य दृश्ये मिळत नाहीत हे खरे. पहिल्या आठवड्यात मान वर करून पाहायला किती वेळ मिळतो हाही प्रश्नच आहे. स्वीडनच्या टोकाचे रिक्सग्रेन्सेन मेमध्येही चालू असते, म्हणून यादीत डोकावते. तिथले डोंगर मात्र तीव्र उतार शोधणाऱ्यांचे आहेत.

उत्तर अमेरिकेत कोलोरॅडोची गावे अतिशय उंच आहेत. ब्रेकनरिज गावच 2,926 मीटरवर आहे, तिथला बर्फ कोरडा असतो आणि शिकण्यासाठी सौम्य उतारांचा मोठा भाग आहे. परंतु इतक्या उंचीवर थेट येऊन झोपल्यास डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश अनेकांना होतो. खाली एक रात्र काढून मगच वर यावे आणि पहिला दिवस हलका ठेवावा. कॅनडातील बॅन्फ सनशाइन व्हिलेजचे वरचे गाव सुमारे 2,160 मीटरवर, गोंडोलाने (तारेवरून जाणाऱ्या बंद डब्याने) गाठण्याजोगे आहे, आणि नवशिक्यांच्या लिफ्ट तिथेच वर असल्याने मेमध्येही त्यांना बर्फ मिळतो. याउलट व्हिस्लर गाव जेमतेम 675 मीटरवर आहे. वसंतात डोंगरावर बर्फ पडत असताना गावात पाऊस पडणे तिथे नित्याचे आहे, आणि शिकण्याची जागा मधल्या स्थानकावर असल्यामुळेच ते नवशिक्याला चालून जाते.

दक्षिण गोलार्धात हाच काळ सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या आरंभी येतो आणि दिशांचा नियम उलटा होतो: तिथे दक्षिणेकडे तोंड असलेला उतार थंड राहतो. चिलीमधील वाले नेवादो सुमारे 3,000 मीटरवर असल्याने उशिराच्या हंगामाला योग्य, पण उंचीविषयीची वरची सूचना तिथेही लागू होते.

तारखा ठरवताना

ईस्टर दरवर्षी 22 मार्च ते 25 एप्रिल या पट्ट्यात सरकत राहतो आणि युरोपातील स्की गावांचे वेळापत्रक त्याच्याभोवती फिरते. 2027 मध्ये तो 28 मार्चला आहे, 2028 मध्ये 16 एप्रिलला. लवकर ईस्टर असलेल्या वर्षी एप्रिलच्या मध्यात गावे शांत आणि स्वस्त होतात, पण काही ठिकाणी लिफ्टही लवकर बंद होतात. उशिरा असलेल्या वर्षी गर्दी एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत ओसरत नाही. ईस्टरचा आठवडा टाळून त्याच्या लगेच नंतरचा आठवडा धरणे बहुतेकांना फायद्याचे पडते. फ्रान्समध्ये वसंत सुट्ट्या विभागवार असतात, त्यामुळे तिथली गर्दी वेगळी तपासावी लागते.

‘हंगाम अमुक तारखेपर्यंत’ या वाक्यावर विसंबणे योग्य नाही. मोठी क्षेत्रे एकदम बंद होत नाहीत. खालच्या लिफ्ट, शेजारच्या दऱ्यांना जोडणाऱ्या लिफ्ट आणि अनेकदा गावालगतचा शिकण्याचा पट्टा आधी बंद होतो, आणि हिमनदीवरची लिफ्ट शेवटपर्यंत चालते. शेवटच्या आठवड्यात स्की शाळेचे गटवर्गही पुरेशा विद्यार्थ्यांअभावी रद्द होतात आणि मग महागडा खासगी प्रशिक्षक घ्यावा लागतो. म्हणून बंद होण्याच्या जाहीर तारखेच्या किमान दहा दिवस आधी आपला मुक्काम संपेल असे पाहावे.

आणखी एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात. त्यानंतर सकाळी नऊचा वर्ग प्रत्यक्ष सूर्याच्या हिशेबाने आठचा होतो आणि उतार अजून गोठलेलाच असतो. दहा किंवा साडेदहाला सुरू होणारा वर्ग मिळाला तर तो घ्यावा आणि दुपारी एक-दीडपर्यंत आटोपून मोकळे व्हावे. अर्ध्या दिवसाची स्की हे या काळातले योग्य माप आहे, आणि म्हणूनच गावात दुपार घालवायला पायवाट, पोहण्याचा तलाव किंवा निदान उन्हात बसण्याजोगी जागा आहे का हेही पाहण्यासारखे ठरते.

गाव पक्के करण्यापूर्वी

उतारांचा नकाशा उघडून सर्वांत सोपे रंग कुठे आहेत ते पाहावे. फ्रान्स आणि उत्तर युरोपात हिरवा हा सर्वांत सोपा दर्जा, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटलीत सहसा निळ्यापासूनच सुरुवात होते, आणि उत्तर अमेरिकेतील निळा युरोपातल्या निळ्यापेक्षा अवघड असू शकतो. रंग हा त्या त्या डोंगरापुरता तुलनात्मक असतो. वाल दीझेरमधले काही हिरवे आणि निळे उतार इतर गावांतल्या लाल, म्हणजे निळ्याहून अवघड, उतारांची आठवण करून देतात, अशी त्यांची ख्यातीच आहे. शिकण्याच्या पट्ट्यापासून पुढचा सोपा उतार सलग जोडलेला आहे की मध्ये एखादा लाल उतार आडवा येतो, हे नकाशावर बोट फिरवून तपासावे. तसेच त्या पट्ट्यावर वर नेणारे साधन कोणते आहे हे पाहावे. सरकता पट्टा, म्हणजे मॅजिक कार्पेट, सर्वांत सोपा. खेचून नेणाऱ्या लिफ्ट नवशिक्याला घाम फोडतात, आणि ओल्या बर्फात त्यांच्या वाटेवर खड्डे पडले की अधिकच.

बर्फाच्या अहवालात सहसा दोन आकडे असतात, वरचा आणि खालचा. आपला आकडा खालचा. त्याहून विश्वासार्ह असतो तो गावातला वेबकॅम: काही वेबकॅमवर मागील वर्षांतल्या त्याच तारखेची छायाचित्रे पाहता येतात, आणि तीन-चार वर्षे सलग पाहिली की कोणत्याही वर्णनाची गरज उरत नाही.

उंच गावी वसंतातले ऊन फसवे असते. दर 1,000 मीटरला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे 10 टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यांतले 80 टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, म्हणून खालून येणारे ऊन हनुवटी आणि नाकपुड्यांखाली भाजते. चांगला गॉगल आणि सनस्क्रीन यांना पर्याय नाही. कपडे जाड एका थराऐवजी पातळ तीन थरांचे, आणि बाहेरचा थर पाण्याला दाद न देणारा हवा, कारण या दिवसांत पडणारा माणूस भिजतो. विम्यात उतारावरून खाली आणण्याचा खर्च समाविष्ट आहे याची खात्री करावी.

एवढे झाल्यावर दोन-तीन गावे शिल्लक राहतील. त्यांच्या स्की शाळांना थेट लिहून विचारावे: आमच्या आठवड्यात प्रौढ नवशिक्यांचा गटवर्ग नक्की भरणार आहे का, तो किती वाजता सुरू होतो, खालचा पट्टा बंद झाल्यास वर्ग कुठे नेला जातो, आणि तिथे जाण्यासाठी कोणता पास लागतो. ज्या शाळेकडे तिसऱ्या प्रश्नाचे तयार उत्तर असते, तिने हंगामाची अखेर अनेकदा पाहिलेली असते; तिथेच नाव नोंदवावे, आणि राहण्याची जागा त्या वर्गाच्या भेटीच्या ठिकाणापासून चालत पोचता येईल अशी घ्यावी.